चाले वोटे

अक्रात, जेम्सटाउनच्या उतारावर,
उघड्या गटाराच्या कडेला खोकं उलटं घालून
आयोर्कोर विकते रबरी चपला.
अंगठ्यात अडकवायच्या. निळ्या, हिरव्या,
आणि एक विटकरी जोड, कुणी घेत नाही म्हणून
उन्हात पांढुरका पडलेला.
यांना काय म्हणता, विचारलं.
चाले वोटे, म्हणाली.

चाले?
माझ्या कानाने शब्द लगेच आपल्यात ओढला.
आमच्या जुन्या पदांत कुणी ना कुणी सारखं असंच :
चाले, चाले, वाट सरेना.
आयोर्कोर हसली. नाही हो.
चाले म्हणजे दोस्त.
कुणी सांगतं, बंदरावरच्या गोऱ्या शिपायांत
कुणी एक चार्ली होता,
त्याचं नाव झिजत झिजत सगळ्यांचं झालं.
कुणी सांगतं, थापा आहेत.
वोटे मात्र आमच्या गा भाषेतलं. निघूया.

दोस्ता, निघूया.
हे चपलेचं नाव!
यात ना तळवा, ना रबर, ना पट्टा.
दारात एक माणूस उभा आहे
आणि आतल्याला नाडी बांधायला वेळ नाही.

तेवढ्यात म्हातारा ओक्पोती आला, कुबडीवर.
डावा पाय कोर्ले-बूच्या इस्पितळात राहिला,
साखरेनं नेला.
उजवी झिजली, म्हणाला. एक दे.
आयोर्कोर म्हणाली, एक कशी देऊ?
अर्ध्याला कोण घेणार?
दर वेळी हेच भांडण, दर वेळी तो जोडीचे पैसे देतो,
आणि जाताना पुटपुटतो :
माझ्याकडे नुसता चाले उरलाय.
वोटे पलंगाखाली.

पलंगाखाली सहा होत्या म्हणे, सगळ्या डाव्या,
कोऱ्या, दुकानातल्या वासासकट.
होत्या.

परवा त्याच्या नातीनं, देडेईनं,
सुरी तापवून त्यांतल्या दोन कापल्या.
गोल गोल चार चाकं, मध्ये खिळ्याचं भोक,
वर सार्डिनचा रिकामा डबा.
चोरी पकडली तेव्हा ओरडायला
त्यानं तोंड उघडलं, तसंच ठेवलं.
मग म्हणाला, पुढचं चाक वाकडं बसलंय, आण इकडे.

आज ती गाडी दोरीनं ओढत
देडेई उतारावरून समुद्राकडे निघाली.
मागून कुबडी : टक्, आणि चपलेचा एक फटका,
टक्, फट्.
मध्येच थांबून तिनं वळून पाहिलं.
हाक मारली नाही.
गाडी पायाशी धरून नुसती उभी राहिली,
तो येईपर्यंत.