होलियबेड्री

सोळा गणवेशांची शिलाई राहिली होती.
कंपनी बुडाली तेव्हा मॅनेजरनं
गळ्यात दोरी बांधून ही माझ्या हातात दिली.
म्हणाला, हावळ टेलर, हेच पैसे समजा.

मी नाव ठेवलं मैना.
साडेपाच फुटांची मैना.
संकेश्वरात अजून लोक तिला बघायला येतात
आणि जाताना विजार आखूड करायला टाकून जातात.

गेल्या आठवड्यात मानेवर, डाव्या अंगाला,
पिसं विरळ होऊन निळी कातडी दिसते तिथं
एक गाठ आली. लिंबाएवढी. मग भोक.
तार लागली म्हणावं तर तार नाही कुठं,
कुत्रं म्हणावं तर दातांची खूण नाही.
नुसतं एक भोक,
काजं करावं तसं नेमकं.

भीमगोंडा म्हणाला, निपाणीची तंबाखू दाब.
दाबली.
गुरव्वा म्हणाली, दुखायलंय की वो तिला, हळद लावा.
लावली.
पिवळी, तपकिरी होऊन मैना दोन दिवस
माझ्या मशीनकडं पाठ करून उभी राहिली.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर मेटगुड आले. म्हशींचा माणूस.
बॅगेआधी वही उघडली.
वहीत रकाने: गाय, म्हैस, शेळी, मेंढी, कोंबडी.
पेन थोडा वेळ हवेत.
कोळी अंत बरीलेन्री?
कोंबडी लिहा, मी म्हटलं,
पण हळू बोला, ती ऐकते.

लाथेची भीती होती. म्हणून मी
कुणी न नेलेल्या एका झब्ब्याची बाही उसवली
आणि तिच्या डोक्यावर चढवली.
अंधार झाला तशी ती बसली, पाय उलटे मोडून.
माझी मांडी तिच्या पाठीला,
माझ्या मुठीत तिची मान,
मानेत काहीतरी भरभर धावणारं.

डॉक्टरांनी भोकात चिमटा घातला.
टोक मला दिसलं, त्यांच्या आधी.
हातशिलाईची सुई, नऊ नंबर,
आणि तिच्यामागून येतोय, येतोय,
वीतभर हिरवा दोरा.

जखम आतून आली होती.

तो हिरवा मी ओळखतो.
नागपंचमीच्या आधी, हिटणीच्या मास्तरणीचं ब्लाऊज,
हेम घालताना फोन वाजला
आणि मग सुई सापडेना.
मी पोराला बोललो, बायकोला बोललो.
उंबऱ्यापाशी मैना उभी होती,
एका डोळ्यानं माझ्याकडं बघत.
ती बटणं गिळते, ठाऊक होतं. हुक गिळते.
एकदा खडूची अख्खी वडी.
आम्ही हसायचो.
चार महिने ती सुई तिच्यात चालत होती
आणि चार महिने मी रोज सकाळी
मैने, ये, म्हणून मका टाकत होतो.

मी रेशमी दोरा उकळून तयार ठेवला होता.
फाटलेलं दिसलं की माझा हात आपोआप
खिशातल्या गुंडीकडं जातो, चाळीस वर्षं झाली.
डॉक्टर म्हणाले, होलियबेड्री.
मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.
शिवू नका, त्यांनी मग मराठीत सांगितलं,
एकेक शब्द वेगळा ठेवून.
आत घाण आहे. शिवलं तर आतच राहील.
उघडी ठेवा. रोज धुवा.
भरंल तिची ती.

आता दुकान उघडायच्या आधी
मीठपाणी, पिचकारी, बाही.
बाही बघितली की तीच मान पुढं करते.
भोक वाटाण्याएवढं होतं, काल मुगाएवढं.
रोज वाटतं, एक टाका, एकच,
आणि रोज मी हात मागं बांधून बसतो.

रात्री डबी बंद करताना सुया मोठ्यानं मोजतो.
अकरा.
बायको आतून विचारते, किती?
अकरा.

काल हिटणीची मास्तरीण आली होती.
ब्लाऊजचं हेम एका बाजूला सुटलंय म्हणाली,
हिरवा दोरा दुसराच दिसतोय का हो तिथनं पुढं?
मैना दारातच होती, मान धुतलेली.
ठेवून जावा, म्हटलं.