काँग्रेस रोड, तात्पुरता बदल

सोमवारी शटर वर केलं
तर समोर रस्ता निम्माच.
रात्रीतून कुणी मधोमध गुडघाभर सिमेंटचे ठोकळे मांडून गेलेलं,
काळा-पिवळा, काळा-पिवळा,
पार दुसऱ्या गेटापर्यंत.
पाटी कन्नडमध्ये, खाली बाण.
बाण सगळ्यांनाच वाचता येतो.

मी शिलाई मशिनी दुरुस्त करतो.
पलीकडे, रेल्वेच्या भिंतीला टेकून
गंगव्वाची चहाची गाडी. बावीस पावलं.
अकरा वर्षं मी पायरीवरून दोन बोटं दाखवतो
आणि तिचा बसवंत
टमटम, स्कूटर, अनगोळच्या बसच्या मधून
दोन ग्लास घेऊन येतो. थेंब सांडत नाही.
त्या बावीस पावलांचे आता सातशे मीटर झालेत.
गेटाजवळ वळायचं,
गेट पडलेलं असलं तर मिरजेची गाडी जाईस्तोवर
इंजिन बंद करून कपाळ पुसायचं.

आधी दोन लेन होत्या, आता तीन.
रस्ता तेवढाच.
एकाच चपातीचे तीन वाटे करावेत
आणि तिघांना म्हणावं, पोटभर खा.

रेषा मारायला आलेला मष्णू कडोलीचा.
रात्री एक वाजता त्याची भट्टी पेटते,
पांढरा रंग खिरीसारखा रटरटतो.
मी खाटेवरून उठून विचारलं,
ही रेष इथूनच का? वीतभर तिकडे घेतली असती
तर माझ्या दारात एक स्कूटर तरी उभी राहिली असती.
तो म्हणाला, रेषेवरून माझ्याशी भांडू नका की.
कागद वरून येतो. आम्ही दोरी धरतो.

खरं आहे.
आणि या गावात रेषेचा विषय काढला
की म्हातारे खुर्ची पुढं ओढतात,
चहा गार होतो,
विषय संपत नाही.

गुरुवारी उसाचा ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या,
वळायला गेला आणि आडवाच राहिला.
त्याच्यामागे शाळेची रिक्षा,
फुलांनी मढवलेली नवरदेवाची गाडी,
दस्तगीरचा बर्फाचा टेम्पो, खालून ठिबकणारा,
आणि त्याच्याही मागे सगळं शहापूर.
मराठीतून, कन्नडमधून, उर्दूतून, कोकणीतून
शिव्या निघाल्या, लेन सोडून.
कुणालाच अर्थ विचारावा लागला नाही.
नवरदेव खाली उतरला, ऊस मोडून खाऊ लागला.

तेव्हा बसवंतनं ते केलं.
ग्लास घेऊन आला, ठोकळ्यावर ठेवला,
पलीकडूनच हाक मारली, मामा, घ्या.
मी माझ्या बाजूनं गेलो, उचलला.
पाठोपाठ रिक्षावाला, मग दस्तगीर, मग वऱ्हाडी.
दीड तासात ठोकळ्यांवर ओल्या कड्यांची रांग उमटली
आणि गंगव्वाचं दूध दोनदा संपलं.
जत्रेतसुद्धा एवढी विक्री नाही झाली, ती म्हणाली,
आणि लगेच गप्प झाली,
कारण माझ्या दुकानात तीन दिवसांत
फक्त एक बॉबिन-केस खपली होती.

बायका मशीन कॅरियरला बांधून येतात,
हात दाखवतात, थांबता येत नाही,
मागचा हॉर्न त्यांना पुढे ढकलतो.
बोगारवेसच्या कमल कुट्रे तीनदा माझ्यासमोरून गेल्या.
तिसऱ्यांदा हसल्या.

तात्पुरता म्हणजे किती, पोलिसाला विचारलं.
त्यानं वर बघितलं, मग घड्याळात बघितलं,
मग शिट्टी वाजवली.

जुनी रेष काळ्या रंगानं बुजवलीय.
टँकर सांडून रस्ता भिजला की
गाड्यांच्या उजेडात ती परत दिसते,
नव्या रेषेपासून वीतभर अलीकडे,
माझ्या दाराला जागा सोडून.

काल रात्री पुन्हा भट्टी पेटली.
कुठं काय बदलतंय, मी विचारलं नाही.
पायरीवर आलो. गंगव्वा गाडी आवरत होती.
तिनं मान वर केली.
मी तीन बोटं दाखवली.