साखर पेठेतलं भाषण

बागचीबाबू, तुमच्या खोलीत आता
रिकाम्या बॉबिनांची पोती आहेत.
खिडकी तीच. हवालदार मुलाणी
ज्या दगडावर उकिडवा बसून विडी ओढायचा
तो दगडही आहे. त्याला मोटारसायकल टेकवतात.

हुकूम असा होता, तात सांगायचा:
बंगालच्या हद्दीत पाय ठेवायचा नाही,
सोलापूरच्या हद्दीबाहेर काढायचा नाही,
पाचांपेक्षा जास्त माणसांत बसायचं नाही,
सकाळी गिरणीचा भोंगा झाला की चौकीवर सही.
आणि भाषण तर मुळीच नाही.

ज्या माणसानं बारिसालच्या नदीकाठी
होड्यांत उभ्या राहिलेल्या लोकांना
दोन-दोन तास हलू दिलं नव्हतं,
कौन्सिलातली खुर्ची
एका वाक्यात परत केली होती,
त्याला आणून ठेवलं आमच्या गल्लीत,
जिथं शिव्या तेलुगूत, हिशेब मराठीत
आणि भांडण मिटवायचं ते कानडीत.
उर्दू धरली तर तुमची बांगला पाचवी.

तुम्ही शोलापूर म्हणायचात.
साहेबही तसंच लिहायचा,
पण त्याला कुणी हसायचं नाही.

पहिले काही महिने तुम्ही मासे शोधलेत.
सिद्धेश्वराच्या तळ्याकडं बघत बसायचात
आणि मुलाणी तुमच्याकडं.
देवाचं पाणी आहे बाबू, तात म्हणाला.
कडक भाकरी हातात धरून तुम्ही विचारलंत,
ही खायची, की हिच्यावर लिहायचं?
अव्वानं ती आमटीत चुरून दाखवली.

मग एका दुपारी, चारी माग चालू असताना,
धोतराचा सोगा खांद्यावर टाकून
तुम्ही मागांच्या मधोमध उभे राहिलात
आणि बोलू लागलात.
चार विणकर, तुम्ही धरून पाच.
कायदा मोडला नाही.
बाहेर मुलाणीला नुसती खटखट.

एक शब्द कुणाला कळला नाही.
तुमचा हात वर जायचा, धोटा इकडून तिकडं.
आवाज खाली यायचा, फणी ठोकायची.
असं दोन वर्षं.
व्यापाऱ्यानं कापड चिमटीत धरून विचारलं,
एवढं घट्ट कसं आलं रे, दुडम?
तात म्हणाला, हवा.

सुटलात. मग निवडणूक, तुरुंग, पुन्हा तुरुंग.
पत्रं यायची मोडक्या मराठीत,
ळ च्या जागी नेहमी ल.
त्रेचाळीसच्या पत्रात राजकारण नव्हतं.
एकच ओळ:
ती महिनाभर टिकणारी भाकरी
कशी करतात ते कलवा.

अव्वानं सांगितलं, तातानं लिहिलं.
ज्वारीचं पीठ. पाणी बेताचं.
पातळ थापायची, मंद आच,
नंतर ऊन दाखवायचं.
मग बराच वेळ गप्प राहून ती म्हणाली,
पीठ असतं तर विचारलं असतं का त्यांनी?
पत्र तरी टाकलं.

सत्तेचाळीसात तातानं चादर धाडली,
कोपऱ्यात तुमच्या उच्चारानं विणलेलं शोलापूर.
वर्षानं परत आली,
दोन सरकारांचे शिक्के घेऊन.
तुमच्या गावाच्या नावावर
कुणीतरी निळ्या पेन्सिलीनं काट मारलेली.
हद्द. मराठीतला हा शब्द
तुम्हाला पहिल्याच दिवशी पाठ झाला होता.

चादर आम्ही वापरली, बाबू.
जपून ठेवायची ऐपत नव्हती.
दोन बाळंतपणं, एक कावीळ,
शेवटी इस्त्रीखाली.
श तेवढा विरला नाही.

गेल्या महिन्यात गल्लीतला शेवटचा पॉवरलूम
भंगारात गेला.
दुपारी आता इतकं शांत असतं
की खिडकीबाहेर बसलेल्याला
आत कोण काय म्हणालं
ते शब्दन् शब्द ऐकू जाईल.
बोलायचीच पंचाईत आहे.