कस

कोइंबतूरहून हिंदुराव आला,
गलाईवाला, विट्यापल्याड भाळवणीचा.
नखाएवढा तुकडा दगडावर घासून
सांगतो, किती सोनं, किती तांबं.
मला म्हणाला, गाडी बघून दे.

मी दोन दाखवल्या.
एकीचं इंजिन ठणठणीत, घाटात तक्रार नाही,
सुटा भाग कराडात मिळतो.
दुसरी तीन मालकांची,
गिअर टाकला की कण्हणारी,
पण नाकावर चांदणी.

त्यानं बॉनेट उघडलंच नाही.
चांदणीवर अंगठा फिरवला,
बाहीनं पुसली, पुन्हा फिरवला.
"जत्रंला भाऊबंद काय बघत्यात, मिस्त्री?
इंजिन?"

मी गप्प बसलो.
माझ्या गॅरेजच्या पाटीवरही
एका कंपनीचं नाव रंगवलंय,
जिथं मी कधीच कामाला नव्हतो.

जत्रेदिवशी ती गल्लीत मावली नाही.
शाळेपाशी लावली, राखायला दोन पोरं.
रात्री फोन, "सुरूच होईना."

बॅटरी घेऊन गेलो तर
भोवती पन्नासेक माणसं,
आणि ढकलायला कुणी हात लावेना,
ठसे उमटतील म्हणून.