डिअर मॅडम

ग्रिम्स्बीच्या मासळीबाजारात
डोरीन ॲस्क्यू सगळ्यांना 'लव्ह' म्हणते.
पोस्टमनला, पाद्रीबाबांना,
हॅडक नेऊन पैसे उद्या देणाऱ्या
त्या बुडव्यालासुद्धा.
शब्द मिठासारखा हाताशीच असतो,
कुणावर किती पडला
ती बघत नाही.

त्यांच्याकडे तू नाही, तुम्ही नाही,
आपण तर नाहीच.
एकच 'यू', सगळ्यांच्या मापाचा,
दाराशी टांगलेल्या रेनकोटासारखा.
मग जवळचा कोण, लांबचा कोण
हे शेपटीच्या शब्दावरून ओळखायचं.
नवऱ्याला ती 'सर' म्हणाली
की त्यानं समजायचं,
आज जेवण गार.

सोमवारी कौन्सिलचं पत्र आलं.
'डिअर मॅडम,'
तिनं एप्रनला चष्मा पुसला.
डिअर, आणि वर मॅडम!
जन्मात कुणी दोन्ही एकदम म्हटलं नव्हतं.
खाली: गाळा एकतीस मार्चपर्यंत रिकामा करावा.
त्याखाली: आपला विश्वासू,
आणि एक सही,
कुणालाच न लागणारी.

खवल्यांच्या हातानंच तिनं फोन लावला.
पलीकडे कोवळा आवाज, नोकरीत नवा.
"येस, मॅडम. नो, मॅडम.
आय ॲम अफ्रेड, मॅडम."
भीती कसली ते काही सांगेना.
मग तो नियम वाचू लागला,
आणि तिसऱ्या कलमापाशी
त्याचा घसा बसला.

बर्फ वितळून तिच्या बुटांवर ठिबकत होता.

"पाणी पिऊन घे, लव्ह,"
ती म्हणाली,
"मी थांबते."