सहा की आठ

नव्या पेठेत हलकुडेच्या दुकानात
काउंटरवर दोन खोकी, तळहातावर मावतील एवढी.
एकात सहा कोअर, एकात आठ.
मध्ये सात हजारांचा फरक
आणि एक पितळी पेपरवेट.

बाहेर त्रेचाळीस डिग्री. कूलर नुसता ओरडतोय.
हलकुडे विचारतो, काय करुलालीस बे तू नेमकं त्याच्यावर?
गेम, म्हणाले. आणि कधीमधी व्हिडिओ एडिटिंग.
कधीमधी म्हंजे?

इथेच अडले.
गेमचं पाठ आहे: रोज रात्री अकरा ते दीड,
अम्मा विड्यांच्या जुड्या मोजून झोपली की.
पण कधीमधी?
गेल्या वर्षी भाग्यलताच्या लग्नाचा एक.
गड्ड्यावरच्या आकाशपाळण्याचा एक, तोही अर्धाच.
बाकीचे सगळे डोक्यात. त्यांना कोअर लागत नाहीत.

तरी बोट आठवरच गेलं.
माणूस रोजच्या ताटासाठी घासाघीस करतो
आणि पाहुण्यांसाठीच्या काचेच्या सेटला
काही न बोलता पैसे मोजतो.

नायना सोबत होता.
पैसे त्याच्या बनियनच्या खिशात,
अशोक चौकातले सहा माग भंगारात गेले त्यातले.
इतका वेळ स्टुलावर गप्प. मग म्हणाला,
हे कोअर म्हंजे माग का?
तसंच समजा की ओ, हलकुडे म्हणाला.
मग नायनाने विचारलं ते कुठल्याच तक्त्यात नव्हतं:
कांड्या कोण भरणार?

एका वर्षी आम्ही सहाचे आठ माग केले होते.
कांड्या भरणारी अम्मा एकटी.
दोन माग नुसते उभे, वीज खात.
टॉवेल तेवढेच निघाले,
अम्माचा उजवा खांदा तेवढा कायमचा गेला.

हलकुडे हसला. मग हसायचा थांबला.
बरोबर आहे काकांचं.
गेममध्ये आठही जण राबत नाहीत,
चारपाच मरमर करतात, बाकीचे तंबाखू मळत बसतात.
ते सात हजार ग्राफिक्स कार्डाला लाव,
नाहीतर निदान चांगला फॅन घे.
सोलापूरचा मे कंपनीच्या माहितीपत्रकात नसतो.

सहा घेतला.
रिक्षात नायनाला म्हणाले,
सेकंदाला एकशेचाळीस चित्रं दिसतील आता.
तो म्हणाला, माझा धोटा मिनिटाला एकशेवीस.
मग कन्ना चौकापर्यंत
दोघंही आपापल्या बाजूने बाहेर बघत बसलो.

पहिलं कधीमधी जूनमध्ये आलं.
भंगारवाल्याचा टेम्पो यायच्या आधी
मागांचं शूटिंग केलेलं फोनवर, चाळीस मिनिटांचं.
कापून साडेनऊ केलं. आठवडाभर गेम नाही.
मग एक्स्पोर्ट दाबलं.

आठ असते तर सात मिनिटं. सहाला अकरा.
हा हिशेब मी आधीच करून ठेवला होता,
वेळ आली तर नायनाला ऐकवायला.
तो डोक्यावर ओला पंचा घेऊन शेजारी येऊन बसला.
पट्टी सरकत होती
आणि तो तिच्याकडे बघत होता,
कापड रुळावर चढताना बघायचा तसा,
मान किंचित तिरकी करून.
लाइट जाईल म्हणून
घरात कुणी मोठ्याने बोललं नाही.

झाल्यावर हेडफोन त्याच्या कानांवर ठेवले.
त्याने डोळे मिटले.
मला वाटलं, आता रडतो.
चौथ्या मिनिटाला हात वर केला.
थांबव. मागं घे. अजून. हां.

तिसऱ्या मागाचा पट्टा ढिला होता, म्हणाला.
ऐक की, फेरा चुकुलालाय.

आणि उठून
दाराजवळच्या खिळ्यावर
पाना चाचपू लागला.