दुधाची वही

बोरीत शिवराक म्हणजे सोमवार.
मंगळवारी एस्पेरान्सची पाटी दारात,
बांगडे खरेच चकचकीत.
"आयजय नाका?" ती विचारते,
जणू मला ताप आलाय.

आत्याने खतखते वाढले, वर तुपाची धार.
मी हात आडवा धरला.
"तूप कुणाला मारतं गं?"
तोंडाला मुसकं बांधलेलं वासरू आठवलं,
पण ते जेवताना कसं सांगू?

सतरा तारखेला दूध बंद केलं.
वहीत पुढच्या तारखा तशाच,
लिटरचे रकाने मोकळे.
तिथंच लिहिते आता,
रोज अर्ध्या लिटरच्या जागेत मावेल तेवढं.

आदोळीवर नारळ खवताना
आत्या म्हणाली, वाच बघू.
वाचलं.
तिने वही ओढली, मागची पानं चाळली:
"दादू गवळ्याचे बत्तीस रुपये राहिलेत."